हवेच्या धड्यातलं 'इतर'

"हवेत काय काय असतं?" असं मुलांना विचारून बघा. नायट्रोजन 78 टक्के, ऑक्सिजन 21 टक्के... धडाधड उत्तरं येतात. धूळ, धूर, मीठ, जिवाणू मात्र यादीच्या शेपटाला, 'इतर' म्हणून. माझं मत असं, की या 'इतर'वरच खरा धडा हवा.

किंबर्ली प्रेथर या अमेरिकेतल्या वातावरण-रसायनशास्त्रज्ञ. सॅन दिएगोच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत त्यांच्या चमूने लांबलचक टाकीत समुद्राचं पाणी भरून लाटा फोडल्या. बुडबुडा फुटला की बारीक तुषार उडतात आणि त्यांतून मीठ, सेंद्रिय पदार्थ, जिवाणूसुद्धा हवेत जातात. अशाच कणांभोवती बाष्प जमून ढगाचे थेंब होतात. हेच कण आपल्या श्वासातही जातात. आपण मात्र ढग भूगोलाच्या तासाला शिकवतो आणि फुप्फुस विज्ञानाच्या!

आता खरी गोष्ट पुढे आहे. मेक्सिकोतून येणारी तिहुआना नदी सांडपाणी घेऊन इंपीरियल बीचजवळ समुद्राला मिळते. तिथे पाण्यात उतरू नका, अशा पाट्या असतात. पण पाण्यात न उतरणाऱ्याचं काय? प्रेथर यांच्या चमूने 2023 साली दाखवलं, की सांडपाण्यातले जिवाणू लाटांच्या तुषारांबरोबर किनाऱ्यावरच्या हवेतही पोचतात. नदीकाठचे लोक तर कितीतरी वर्षं दुर्गंधीची तक्रार करत होते. 2024 मध्ये हवा मोजली तेव्हा हायड्रोजन सल्फाइड आढळला, सर्वसाधारण शहरी हवेपेक्षा हजारो पटींनी जास्त. आपण "सडक्या अंड्याचा वास" म्हणून एका ओळीत उरकतो ना, तोच हा वायू. (परीक्षेत एक गुण!)

म्हणून एखादं पोर "बाई, वास येतोय" म्हणालं, तर "गप्प बस" म्हणू नका. कधी, कुठून, वारा कुठला, हे त्याला वहीत लिहू द्या. ती नोंद आहे, तक्रार नव्हे.

पुढच्या आठवड्यात एवढं करा. पांढऱ्या कार्डावर व्हॅसलिनचा पातळ थर द्या. एक कार्ड फळ्याजवळ ठेवा, एक रस्त्याकडच्या खिडकीत. दोन दिवसांनी भिंगातून पाहा. दिसतील ते मोठे कण. फुप्फुसात खोलवर जाणारे 2.5 मायक्रोमीटरहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीचा तिसावा भागही नाही, भिंगात दिसणार नाहीत. हे मुलांना आधीच सांगा. नाहीतर कार्ड स्वच्छ दिसलं की हवा स्वच्छ, असं लिहून मोकळी होतील.