टेलचा तालुका आणि अपक्ष बाणा

इंदापूर - पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या इंदापूर तालुक्यात दोन कालव्यांचे पाणी येते आणि दोन्ही कालव्यांच्या अखेरीस हा तालुका आहे. नीरा डावा कालवा बारामतीची शिवारे भिजवून येथे पोहोचतो. खडकवासल्याचा कालवा हवेली आणि दौंड ओलांडून येतो. वरच्यांचे भागल्यावर उरेल ते 'टेल'ला, हा येथील शेतकऱ्याचा नेहमीचा अनुभव. तालुक्याच्या राजकारणाचीही तऱ्हा याहून वेगळी नाही. आमदार कोण असावा, हे इंदापूरने ठरवायचे की बारामतीने, हा प्रश्न येथे प्रत्येक निवडणुकीत विचारला जातो. माजी मंत्री हर्षवर्धन पाटील यांची तीन दशकांची कारकीर्द या एका प्रश्नाभोवती फिरत आली आहे.

त्यांचे चुलते, स्वातंत्र्यसैनिक शंकरराव पाटील यांनी १९८० आणि १९८९ मध्ये बारामती लोकसभा मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. १९९१ मध्ये ही जागा अजित पवार यांच्याकडे गेली, त्याच वर्षी पोटनिवडणुकीत शरद पवार निवडून आले आणि २००९ पासून सुप्रिया सुळे तेथून विजयी होत आल्या आहेत. खासदारकी इंदापूरकडे परतली नाही. तालुक्याच्या हाती उरली ती विधानसभेची जागा.

संख्याबळाचे गणित

१९९५ मध्ये बावड्याचे तरुण हर्षवर्धन पाटील अपक्ष म्हणून निवडून आले. २८८ सदस्यांच्या विधानसभेत युतीकडे १३८ आमदार होते, बहुमताला सात कमी. ४५ अपक्षांना अचानक मोल आले आणि पाटील राज्यमंत्री झाले. १९९९ मध्ये दोन्ही काँग्रेसची बेरीज १३३ होती, २००४ मध्ये १४०. दोन्ही वेळा पाटील पुन्हा अपक्ष निवडून आले आणि दोन्ही वेळा सत्ताधाऱ्यांना बाहेरच्या पाठिंब्याची गरज होती. बारामतीच्या सावलीतील एका तालुक्याचा आमदार मुंबईत आपल्या अटीवर बोलू शकत होता, तो या त्रिशंकू आकड्यांमुळे.

हीच त्या स्वायत्ततेची ताकद होती आणि मर्यादाही. ती तालुक्यातील संस्थांच्या बळावर पूर्णतः उभी नव्हती. विधानसभेत कोणाला किती जागा कमी पडतात, यावर अवलंबून होती. बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा हे दोन सहकारी साखर कारखाने पाटील गटाचे आधार होते. तथापि, भवानीनगरचा छत्रपती कारखाना इंदापूरच्या हद्दीत असूनही त्याच्या कारभारावर बारामतीचा प्रभाव राहिला. ऊस एका तालुक्याचा आणि शब्द दुसऱ्याचा, ही स्थिती बदलली नाही.

पक्षाची किंमत

२००९ मध्ये पाटील यांनी काँग्रेसच्या चिन्हावर निवडणूक लढविली. या वेळी अपक्ष म्हणून त्यांच्यासमोर दत्तात्रय भरणे होते आणि पाटील सुमारे आठ हजार मतांनी जिंकले. त्यानंतर सहकार आणि संसदीय कामकाज ही खाती त्यांच्याकडे राहिली. मात्र, आता त्यांचे भवितव्य आघाडीच्या जागावाटपाशी बांधले गेले. २०१४ मध्ये आघाडी तुटली आणि राष्ट्रवादीचे उमेदवार भरणे १४ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. २०१९ मध्ये आघाडीत जागा राष्ट्रवादीकडेच राहणार हे दिसताच पाटील भाजपमध्ये गेले आणि ३,११० मतांनी हरले. २०२३ मध्ये अजित पवार महायुतीत आले. विद्यमान आमदार म्हणून जागेवर भरणे यांचाच दावा राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाटील यांनी शरद पवार यांच्या पक्षात प्रवेश केला.

त्या निवडणुकीचे चित्र बोलके होते. एका बाजूला घड्याळ, दुसऱ्या बाजूला तुतारी. बारामतीतील फुटीने इंदापूरला मोकळीक मिळेल, अशी अपेक्षा असताना तालुक्यातील दोन्ही प्रमुख उमेदवार बारामतीच्याच दोन शाखांचे होते. भरणे १९ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. अपक्ष प्रवीण माने यांनी सुमारे ३८ हजार मते घेतली. ज्या अपक्ष बाण्यावर पाटील १९९५ मध्ये उभे राहिले, तो बाणा आता त्यांच्याविरुद्ध उभा होता.

जवळीक की अंतर?

भरणेसमर्थकांचा युक्तिवाद सरळ आहे. बारामतीशी भांडून टेलला पाणी येत नाही. सत्तेच्या जवळ राहिले तर रस्ते, निधी आणि योजना येतात. तो सहज झटकून टाकता येत नाही. मात्र एप्रिल २०२१ चा दाखला त्याला छेद देतो. उजनीतून पाच टीएमसी पाणी इंदापूरच्या तहानलेल्या गावांना देण्याचा आदेश निघाला, तेव्हा भरणे राज्यमंत्री आणि सोलापूरचे पालकमंत्रीही होते. सोलापुरात आंदोलने झाली आणि महिन्याभरात आदेश मागे घेण्यात आला. उजनीच्या जलाशयात इंदापूरची गावे बुडाली; त्या पाण्यावरचा हक्क मात्र सत्तेच्या जवळिकीनेही तालुक्याला मिळाला नाही.

अंतर राखून पाटील यांनी मंत्रिपदे मिळविली, जवळीक राखून भरणे यांनीही मिळविली. दोघांच्या काळात तालुका कालव्याच्या टोकालाच राहिला. त्यामुळे इंदापूरचा आमदार बारामतीच्या बाजूचा की विरोधातला, एवढ्याने हा प्रश्न सुटणारा नाही. पाण्याचा लेखी वाटा आणि सभासदांच्या ताब्यातील सक्षम कारखाने तालुक्याकडे नसतील, तर त्याची स्वायत्तता नेत्याच्या पुढच्या पक्षप्रवेशापुरतीच उरते. नेत्याचे स्वातंत्र्य इंदापूरने तीन वेळा मतपेटीतून दिले. ते तालुक्याचे स्वातंत्र्य झाले नाही, हाच या कारकिर्दीचा धडा आहे.