स्वस्त हार्ड डिस्कचा महाग हिशेब

कापडाचे थान हातात आले की सूत कसले आहे, हे आम्हाला बोटांनीच कळते. हार्ड डिस्कचे तसे नाही. चांगली आणि वाईट, दोन्ही पेट्या दिसायला सारख्याच. स्वस्त मिळाली म्हणून आम्ही घरी एक डिस्क आणली आणि ती एका सकाळी बंद पडली. तिच्याबरोबर दुकानाची बिले गेली आणि मुलीच्या लग्नाचे फोटोही गेले. बिले व्यापाऱ्यांकडून पुन्हा मागवता आली. फोटो कोणाकडून मागवणार? तेव्हापासून आम्ही या मालाचीही पारख शिकलो. ती वाचकांच्या उपयोगी पडावी, म्हणून हा प्रपंच.

आता अनेक घरांत ‘नॅस’ नावाची छोटी पेटी दिसते. ती राउटरला जोडली, की घरातील सर्व फोन आणि संगणक तिच्यात माल ठेवतात. पेटी कोणती, यापेक्षा तिच्यात डिस्क कोणती, हा प्रश्न मोठा आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याला हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. साधारण नॅस डिस्कची हमी मात्र ३ वर्षांची. म्हणजे कागद डिस्कपेक्षा जास्त जगला पाहिजे. म्हणून एकाच डिस्कवर भिस्त ठेवणे हा व्यवहार नव्हे.

भाव काढताना प्रथम किमतीला टीबीने भागावे, मग हमीच्या वर्षांनी भागावे. ५ वर्षांच्या हमीची डिस्क ३ वर्षांवालीपेक्षा दीडपट महाग असली, तरी वर्षाचा खर्च कमीच पडतो. ४ टीबीची डिस्क संगणकावर ३.६ दिसते, यात फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ ने. मीटरचे कापड गजाने मोजले तर आकडा बदलतो, कापड तेवढेच राहते.

खरी मेख दुसरीकडे आहे. काही डिस्कमध्ये लिखाणाच्या ओळी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. याला ‘एसएमआर’ म्हणतात. एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तसे येथे एक ओळ बदलताना पुढच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. जोडीतील एक डिस्क मेली आणि नवी बसवली, की सारा माल नव्याने लिहिला जातो. त्या वेळी ही जात फार रेंगाळते. काही व्यवस्थांत तर तिला नादुरुस्त समजून बाहेर काढले जाते. ‘सीएमआर’मध्ये ओळी सुट्या असतात. घरच्या पेटीसाठी तीच घ्यावी. २०२० साली वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या २ ते ६ टीबीच्या काही ‘रेड’ डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले. नॅससाठी म्हणून विकलेल्या मालावर हे सांगितलेले नव्हते. ग्राहकांनी ओरड केल्यावर कंपनीने सीएमआर माल ‘रेड प्लस’ नावाने वेगळा केला. सीगेटच्या ‘आयर्नवुल्फ’ डिस्क सीएमआर आहेत.

वेगाच्या मागे धावू नये. घरातील गिगाबिट जोडणी सेकंदाला सुमारे ११० एमबीच वाहते. ५४०० फेऱ्यांची मोठी डिस्कही तेवढे सहज देते. ७२०० फेऱ्यांची डिस्क बहुधा आवाज आणि वीज दोन्ही जास्त करते. ५ वॅट चोवीस तास चालले, की वर्षाला सुमारे ४४ युनिट होतात.

जुना माल इस्त्री करून नवा म्हणून विकणारे आमच्याच धंद्यात आहेत असे नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या ‘एक्सॉस’ डिस्क काही विक्रेत्यांनी नव्या म्हणून विकल्याचे प्रकरण बाहेर आले. किती तास चालली याची नेहमीची नोंद पुसलेली होती. ‘फार्म’ नावाच्या दुसऱ्या नोंदीने चोरी पकडली. म्हणून पक्के बिल घ्यावे, कंपनीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून भारतातील हमी पाहावी आणि माल भरण्यापूर्वी तास तपासावेत.

शेवटी एक गोष्ट. दोन डिस्कची जोडी ही राखीव प्रत नव्हे. एकीवरून चुकून पुसलेले दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसले जाते. तिसरी प्रत घराबाहेर, भावाकडे किंवा दुकानाच्या तिजोरीत ठेवावी.

आमचे स्पष्ट मत आहे की कापडावर जसे सुती की मिश्र हे छापावे लागते, तसे डिस्कच्या पेटीवरही तिची जात ठळक छापणे सक्तीचे करावे. तोपर्यंत गिऱ्हाइकाने विचारत राहावे. जो दुकानदार उत्तर देणार नाही, त्याच्या पायऱ्या उतराव्यात.