आधी अटी, मग सही!

युनियन हा शब्द नुसता उच्चारला तरी आपल्या आयटीतल्या मंडळींची नाकं मुरडतात. युनियन म्हणजे संप, युनियन म्हणजे लाल झेंडे, युनियन म्हणजे प्रगतीच्या वाटेतली धोंड. आणि त्यात परदेशातून पैसा घेऊन आलेल्या कंपनीला कुणी अडवलं की मग विचारूच नका. "बाजारात नोकऱ्या येतायत तर यांच्या पोटात का दुखतं?"

ठीक आहे. एक खरं प्रकरण बघू.

वॉलमार्टने २०१०-११ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मासमार्ट कंपनीचे ५१ टक्के शेअर घ्यायचं ठरवलं. मॅक्रो, गेम वगैरे दुकानांची ही साखळी. तिथल्या दुकान-कामगारांची युनियन, साकावू, उभी ठाकली. का नाही ठाकणार? मायदेशातल्या आपल्या दुकानांत युनियन रुजू न देणारी ही कंपनी. कॅनडात क्युबेकमधल्या जाँकिएर गावच्या दुकानात २००४ मध्ये युनियनला मान्यता मिळाली, आणि २००५ मध्ये ते दुकानच बंद! (पुढे २०१४ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने ही कृती क्युबेकच्या कामगार कायद्याचा भंग ठरवली. पण तोवर नऊ वर्षं गेली होती.)

आता गंमत बघा. दक्षिण आफ्रिकेच्या स्पर्धा कायद्यात विलीनीकरण तपासताना रोजगारावर काय परिणाम होईल, हेही बघावं लागतं. त्यामुळे युनियनला नुसत्या रस्त्यावर घोषणा देत बसावं लागलं नाही, तिला थेट लवादासमोर बोलता आलं. मे २०११ मध्ये सौद्याला परवानगी मिळाली, पण अटींसकट. विलीनीकरणामुळे दोन वर्षं कुणाला काढायचं नाही, युनियनची मान्यता तीन वर्षं टिकवायची, स्थानिक पुरवठादारांसाठी निधी उभारायचा. साकावू आणि सरकार पुढे अपील कोर्टात गेले. मार्च २०१२ मध्ये कोर्टाने सौदा कायम ठेवला, पण २०१० मध्ये कामावरून काढलेल्या ५०३ जणांना परत घ्या, असंही बजावलं.

म्हणजे कंपनी आली, दुकानं चालू राहिली, आणि ५०३ जणांना कामावर परतायची वाट मोकळी झाली. सांगा, यात प्रगतीचं नेमकं काय अडलं?

"पण पुढे नोकऱ्या गेल्याच ना?" हो, गेल्या. मासमार्टचा धंदा खालावला, २०२० मध्ये डायऑन वायर्ड ही त्यांची दुकानं बंद झाली. युनियन काही तोट्यातला धंदा फायद्यात आणू शकत नाही. पण सौद्याचा भार कुणाच्या डोक्यावर पडणार, हे ठरत असताना तिथे बसायची जागा मिळणं ही लहान गोष्ट नाही.

आता आपल्याकडे या. २०१८ मध्ये त्याच वॉलमार्टने फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरला घेतला. फ्लिपकार्टमधल्या कित्येक इंजिनिअरांना इसॉपचे घसघशीत पैसे मिळाले, आपण टाळ्या वाजवल्या. व्यापाऱ्यांनी विरोध केला, स्पर्धा आयोगाने मंजुरी दिली. पण गोदामात खोकी भरणाऱ्या आणि पाठीवर पोतडी घेऊन जिने चढणाऱ्या पोरांचं काय होणार, हा प्रश्न आपल्या कायद्याच्या निकषांतच नाही! त्यांच्या वतीने कोण बोलणार होतं?

आणि आपण तरी काय वेगळं करतो हो? क्लायंटच्या कागदावर सही करण्याआधी नोटिस पिरियड, दंड, बाहेर पडायच्या अटी सगळं शब्द न् शब्द वाचून घेतो. त्याला आपण प्रोफेशनल वागणं म्हणतो. तेच दुकानातल्या कॅशिअरने मागितलं की ती अडवणूक!

माझं म्हणणं एवढंच. परदेशी कंपनी येऊ द्या, खुशाल येऊ द्या. पण सौद्यात ज्यांची नोकरी पणाला लागते, त्यांना सही होण्याआधी बोलू द्या. सही झाल्यावर फक्त निवेदनं देता येतात.