दोन्ही पाय आत आल्याशिवाय डबल बेल नको!

सर्व सभासद, त्यांची मुलं-सुना आणि बसने फिरणारे नागरिक यांना,

गुरुवारी सकाळी बाजाराच्या थांब्यावर आपल्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या ७८ वर्षांच्या एक ताई बसमध्ये चढत होत्या. एक पाय पायरीवर, दुसरा रस्त्यावर, आणि डबल बेल झाली. खुब्याचं हाड मोडलं. बस थांबलीसुद्धा नाही. जाब विचारायला आगारात गेलो तर उत्तर मिळालं, "एवढ्या गर्दीत आजींनी यायचंच कशाला?"

कशाला म्हणजे? सरकारी दवाखान्यात केसपेपर सकाळीच निघतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत काय मध्यरात्री जायचं? वर "फुकट तर फिरता" हे आहेच. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला तो एसटीत. ती योजना शहर बसला लागू नाही. आपण तिकीट काढून बसतो. रेल्वेतली पुरुषांची ४० आणि बायकांची ५० टक्के सूट तर २० मार्च २०२० ला गेली ती गेलीच.

खरं दुखणं पायरीचं. केंद्राच्या शहरी बसच्या निकषांत ४०० मिलिमीटर उंचीच्या मजल्याची बस आहे, ६५० ची आहे आणि ९०० चीही. आपल्या वाट्याला बहुतेक ९०० चीच. त्यात ड्रायव्हर गाडी फुटपाथला न लावता भर रस्त्यात उभी करतो. गुडघे बदललेल्या माणसाने चढायचं की डोंगर सर करायचा?

राखीव आसनावर कानात बोंडं घालून झोपेचं सोंग घेणाऱ्या तरुणांबद्दल लिहीत नाही. ती आपलीच नातवंडं आहेत. पण सभासदहो, "जाऊ दे" म्हणत घरी परतणारे तुम्हीही कमी नाही. थांब्यावरचं बाकडं उचलून नेलं तेव्हा आपण ४० जण घरची स्टुलं घेऊन तिथे बसलो होतो. आठवड्यात बाकडं परत आलं. विसरलात?

आता एवढं कराच. बस थांबली नाही, लांब थांबली, लवकर सुटली, की गाडीचा नंबर, मार्ग, थांबा आणि वेळ तिथल्या तिथे लिहा. चष्मा नसेल तर शेजाऱ्याला विचारा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. ज्यांना चालवत नाही त्यांनी संघाच्या कार्यालयात कागद पाठवावा.

सोमवारी सकाळी १० वाजता आगाराच्या दारात सगळ्यांनी जमायचं आहे. रिक्षाने येऊ नका, मुलाच्या गाडीतूनही नको. बसनेच या. वेळेवर पोहोचायचं असेल तर ८ वाजताच थांब्यावर उभे राहा.