बापाचा धागा आणि वंशाचा दिवा

लग्नसराई आली की आमच्या मुकुंदवाडीत गल्लोगल्ली सोयरिकीच्या बैठका बसतात. मुकुंदवाडी एके काळी शहराबाहेरचे शेतीचे गाव होते. आता छत्रपती संभाजीनगरने त्याला पोटात घेतले आहे. कारखान्यांच्या कामासाठी जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडची माणसे येथे येऊन राहिली. गाव बदलले, पण बैठकीतले पहिले प्रश्न तेच राहिले. मूळ गाव कोणते? कूळ कोणते? देवक कोणते?

घरातले म्हातारे माणूस मग आजा, पणजा, खापरपणजा अशी नावे सांगते. चार-पाच पिढ्यांनंतर गाडी अडते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत शोध घेतला तर आणखी काही पिढ्या हाती लागतात. त्यामागे काय, हे आजवर कोणाला सांगता येत नव्हते. पण मंडळी, त्यामागची वही प्रत्येक पुरुषाच्या अंगातच लिहिलेली आहे, आणि ती वाचायला शास्त्रज्ञ आता शिकले आहेत. त्या वहीत काय निघाले, ते बघू या.

आपल्या शरीराच्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक सूत्र आईकडून येते, एक बापाकडून. तेविसावी जोडी बाईत 'एक्स-एक्स' अशी आणि पुरुषात 'एक्स-वाय' अशी असते. यातले 'वाय' सूत्र बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला, असे आडनावासारखे उतरत जाते. मुलीकडे ते जात नाही.

हे सूत्र म्हणजे सुमारे सव्वासहा कोटी अक्षरांची पोथी आहे. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून झाली २०२३ साली. पोथीची नक्कल करताना एखाद्याने काना गाळला, तर त्या नकलेवरून झालेल्या पुढच्या सगळ्या नकलांत तो गाळलेलाच राहतो. वाय सूत्राचेही तसेच आहे. काही पिढ्यांनी एखादे अक्षर बदलते आणि ती खूण पुढच्या सगळ्या मुलग्या-नातवांत कायम राहते. ज्या दोन पुरुषांत एकच खूण सापडते, त्यांचा कधी काळी एकच बाप होता, हे यावरून ठरते. मग तो बाप दोनशे वर्षांपूर्वीचा असो की वीस हजार वर्षांपूर्वीचा.

अशा खुणांवरून जगातल्या पुरुषांच्या शाखा पाडल्या आहेत आणि त्यांना इंग्रजी अक्षरांची नावे दिली आहेत. आपल्या दख्खनच्या मातीत पूर्वापार रुजलेली एक शाखा आहे, तिचे नाव 'एच'. हिंदुस्थानात किंवा त्याच्या पश्चिमेला लागून असलेल्या मुलखात सुमारे ४५ ते ५० हजार वर्षांपूर्वी ती फुटली, असा हिशेब आहे. तेव्हा ना नांगर होता, ना ज्वारी, ना बैल. माणसे शिकार करीत आणि कंदमुळे खात. आज ही शाखा महाराष्ट्रात, तेलंगणात, आंध्रात, मध्य प्रदेशात ठिकठिकाणी आढळते. आदिवासींत आहे, शेतकरी जातींत आहे, ब्राह्मणांतही थोडीफार आहे.

तिची एक भाऊशाखा पश्चिमेला गेली. आजच्या तुर्कस्तानात आणि पुढे युरोपात ज्यांनी पहिल्यांदा शेती नेली, त्या माणसांच्या आठ-एक हजार वर्षांच्या जुन्या हाडांत ही भाऊशाखा सापडली आहे. म्हणजे एकाच बापाची लेकरे, एक भाऊ इकडे राहिला, दुसऱ्याचे वंशज तिकडच्या काळ्या आईची सेवा करायला लागले.

आपल्याकडच्या एच शाखेला पुढे एक फांदी फुटली, तिच्या खुणेला 'एम ८२' म्हणतात. तिचा प्रवास फार मोठा आहे. युरोपात रोमा नावाचे लोक राहतात. लोहारकाम, घोड्यांचा व्यापार, गाणे-बजावणे करीत गाड्यांतून फिरणारे लोक अशी त्यांची जुनी ओळख. तिकडच्या लोकांना वाटे, हे इजिप्तमधून आले असावेत. पण भाषेने खरे ते आधीच सांगून टाकले होते. पाण्याला ते 'पानी' म्हणतात, गावाला 'गव', माणसाला 'मनुष', काळ्याला 'कालो', कानाला 'कान'. मिठाला म्हणतात 'लोन'. आपल्या लोणच्यात तोच शब्द मुरलेला आहे.

पुढे शास्त्रज्ञांनी त्यांचे वाय सूत्र वाचले. २००१ साली १४ रोमा गटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या चौदाही गटांत एम ८२ ची खूण निघाली आणि एकूण पुरुषांपैकी जवळजवळ ४५ टक्के याच फांदीचे निघाले. २०१२ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इतर देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर हजारो नमुने ताडून पाहिले. हे लोक हिंदुस्थानच्या वायव्य भागातून गेले आणि आज ज्यांना आपण अनुसूचित जाती-जमाती म्हणतो त्यांच्याशी त्यांचे जवळचे नाते दिसते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ते निघाले हजार ते दीड हजार वर्षांपूर्वी.

एवढ्या मोठ्या प्रमाणात ही एकच फांदी तिकडे का? त्यात पराक्रम काही नाही. मूठभर बियाणे घेऊन माणूस नव्या रानात गेला, तर मुठीत जे वाण आले तेच त्या रानात पसरते. मागे कणगीत दहा वाणे राहिली तरी त्यांचा उपयोग नाही. थोडी माणसे निघाली, त्यांत या फांदीचे काही पुरुष होते, म्हणून पुढे तीच वाढली. एखादी शाखा फार पसरली म्हणजे ती श्रेष्ठ, असे समजणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

रक्तावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवले की काय होते, तेही या रोमा लोकांनीच भोगले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिटलरच्या राजवटीने त्यांच्या डोक्यांची मापे घेतली, वंशावळी तपासल्या आणि त्यांना हलक्या रक्ताचे ठरवले. अडीच ते पाच लाख रोमा मारले गेले. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. आणि हे सगळे 'आर्य' रक्ताच्या नावाने! मारले गेलेले लोक तर हिंदुस्थानातून गेलेले आणि संस्कृतच्या घरातलीच भाषा बोलणारे होते.

आता आपल्याच अंगणात पाहा. महाराष्ट्रातल्या पुरुषांत एकटी एच शाखा नाही. उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी आलेली 'आर वन ए' आहे, पश्चिम आशियाकडून आलेली 'जे टू' आहे, 'एल' आहे. एकाच जातीतल्या पुरुषांत अशा चार-पाच शाखा एकत्र नांदतात. तेव्हा ही तपासणी कोणाची जात सांगू शकत नाही. आमचे शहर खडकी नावाने १६१० साली वसवले ते मलिक अंबरने, आणि तो जन्माने इथिओपियाचा. मागे मागे जात राहिले तर सगळ्यांच्या बापाचे धागे दोन-तीन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका पुरुषापाशी येऊन मिळतात. त्या काळी तो एकटाच पुरुष होता असे नव्हे. बाकीच्यांचे धागे कुठे ना कुठे तुटले, कारण कोणाला मुलगे झाले नाहीत, तर कोणाला मुलीच झाल्या.

मुलीच झाल्या म्हणजे वंश बुडाला, असे आपण म्हणतो. खरेच बुडाला का? हिशेब करून पाहा. आई-बाप दोन, आजे-आज्या चार, पणजे-पणज्या आठ. असे दहा पिढ्या मागे गेले की १,०२४ जागा होतात. वाय सूत्राचा धागा त्यांतल्या एकाच पुरुषापाशी पोचतो. उरलेल्या १,०२३ जणांचे काय? त्यांच्याकडून आलेला ठेवाही आपल्यातच आहे, पण वंशावळीत त्यांना जागा नाही.

आणखी एक गंमत ऐका. वाय सूत्रावर जनुके जेमतेम शंभराच्या आसपास, तर एक्स सूत्रावर आठशेच्या घरात. बाप मुलाला वाय देतो आणि मुलीला आपले एक्स देतो. म्हणजे जनुकांच्या मापाने पाहिले तर बापाचा वाटा मुलीच्या पदरात थोडा जास्तच पडतो. देवणी जातीचा वळू घेताना त्याच्या आईचे दूध किती होते हे आपण चौकशी करून विचारतो. जावई पाहताना मात्र आईकडचे नाव कोणी काढीत नाही.

मुलगा की मुलगी, हेही याच सूत्राने ठरते. आईजवळ दोन्ही एक्सच असतात. वाय द्यायचे की एक्स, हे बापाच्या बीजावर, तेही निव्वळ योगायोगाने ठरते. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी सासू आणि दुसरे लग्न करू पाहणारा नवरा, दोघांनीही हे कानात साठवावे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात ८०७. वंशाच्या दिव्यापायी किती पणत्या विझल्या, ते या आकड्यांत दिसते. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, आपल्या राज्याने केला होता. तो कायदा घरात शिरायचा तर आधी मनातला हिशेब दुरुस्त व्हायला हवा.

तेव्हा वाचकहो, एक काम करा. रब्बीची कामे उरकली की एक चांगली वही घ्या आणि घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. आज्याच्या नावाशेजारी आजीचे नाव लिहा, तिचे माहेर लिहा, तिच्या आईचे नाव लिहा. पणजीचे नाव घरात कोणालाच आठवत नाही, असे बहुतेक ठिकाणी होईल. मग एखाद्या आतेला, मावशीला विचारा. मुलींची नावेही त्याच वहीत मुलांच्या बरोबरीने उतरवा. वाटणीची वेळ येईल तेव्हाही हीच वही समोर ठेवा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली मानला आणि साऱ्या देशाने २००५ साली.

बापाचा धागा खरा आहे. पन्नास हजार वर्षे तो तुटला नाही, याचे नवल वाटायलाच हवे. पण नुसत्या एका धाग्याचे लुगडे होत नाही.