लेकरांचा नफका कोण सोडून देतो?

खुलानाम्याच्या कागदावर अनेकदा एक ओळ असते. बाईने मेहर माफ केली, इद्दतचा खर्च सोडला, असे लिहून झाल्यावर खाली येते की मुले आईजवळ राहतील आणि त्यांच्या खर्चासाठी ती पुढे काहीही मागणार नाही. दोन्हीकडचे बुजुर्ग सह्या करतात, दुआ होते, चहा येतो, प्रकरण मिटले म्हणून सगळे घरी जातात. मरोळसारख्या वस्तीत उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांसमोर हे कागद पुढे केव्हातरी येतातच. शिष्यवृत्तीचा अर्ज असतो, उत्पन्नाचा दाखला हवा असतो, बापाची सही हवी असते आणि आई पिशवीतून घडी घातलेला तो कागद काढते. आम्ही विचारतो, ही माफी कोणी कोणाला दिली? मेहर बाईची होती, तिने सोडली, तो तिचा अधिकार. नफका तर पोराचा होता. त्याची सही कुठे आहे?

बैठकीत बसणारे शरीयतचे नाव घेतात, म्हणून आम्हीही तिथूनच सुरुवात करतो. सूरह बकराची २३३वी आयत दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर टाकते आणि मुलाच्या निमित्ताने आईलाही त्रास नको, बापालाही नको, असा दंडक घालते. सूरह तलाकची सहावी आयत त्याहून पुढे जाते. तलाक झालेली बाई त्या बापाच्या मुलाला दूध पाजत असेल, तर तिला तिचा मोबदला द्यायला सांगते. मूल सांभाळणे हे काम आहे आणि त्याचे पैसे होतात, ही गोष्ट इतक्या जुन्या काळी सांगून झाली आहे! आमच्या बैठकीत मात्र पाळणाघराचा खर्च काढला की लोक हसतात. अबू सुफियानची बीवी हिंद नवऱ्याच्या कंजूषपणाची तक्रार घेऊन आली, तेव्हा रसूलुल्लाहनी तिला तिच्यापुरते आणि मुलांपुरते रास्त तेवढे त्याच्या मालातून घ्यायची परवानगी दिली. ही हदीस बुखारीत आहे. हनफी फिकहप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत हिजानत आईची, पण त्या सगळ्या काळात खर्च बापाचा. मुले आईकडे राहिली म्हणजे बाप सुटला, हे कोणत्या किताबात आहे?

कोणी जाणकार म्हणेल, मुलाचा खर्च आईने उचलावा या बोलीवर खुला घेण्याची मुभा जुन्या फकीहांनी दिली आहे. आम्हाला ते ठाऊक आहे. पण तेच फकीह सांगतात की आईजवळ काही नसेल, तर मुलाला उपाशी ठेवता येत नाही, बापालाच हात घालावा लागतो. बैठकीत पहिला अर्धा मसला सांगितला जातो, दुसरा नाही.

मग बापाची बाजू येते. पोरे म्युनिसिपालिटीच्या शाळेत, फी नाही, पुस्तके, गणवेश, दप्तर सगळे फुकट, मग खर्च कसला? आम्ही त्याच शाळांत उभे राहून सांगतो. रोज भाजी-रोटी लागते, भाडे लागते. ताप आला की डॉक्टर आणि औषध, फळा दिसेनासा झाला की चष्मा. आठवीनंतर गणित आणि इंग्रजीची ट्यूशन लागते, दहावीनंतर कॉलेजचा प्रवेश. दोन ईदचे कपडे आम्ही मोजतसुद्धा नाही. आणि आई जर सीप्झमध्ये किंवा कुणाच्या घरी कामाला जात असेल, तर दुपारी शाळा सुटल्यापासून ती परत येईपर्यंत लहानाला कोण बघते? नानी बघते, किंवा शेजारीण चार पैसे घेऊन बघते. नानी बघते तेव्हा तो खर्च फुकटात गेला असे सगळे धरून चालतात. मोठी मुलगी बघू लागली, की आमच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी वाढत जाते. बापाने वाचवलेले पैसे त्या पोरीने भरलेले असतात.

दुसरी धमकी ठरलेली: पैसे मागतेस तर मुले माझ्याकडे दे. ती घाबरते आणि रक्कम सोडते. ज्याला खरोखर मुले हवी असतात, तो त्यांची इयत्ता तरी सांगू शकतो.

या प्रश्नावर आमच्या सुधारकांशीही आमचे भांडण आहे. १९८५ चा शहाबानो निकाल, १९८६ चा कायदा, २००१ चा डॅनियल लतीफी निकाल, २०१७ चा तीन तलाकचा निकाल, २०१९ चा कायदा, यांवर दोन्ही पक्षांनी ढीगभर लिहिले. त्यात बायको होती, शरीयत होती, मतपेटी होती. मुले कुठे होती? १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने नूर सबा खातून प्रकरणात निकाल दिला, तो किती जणांनी वाचला? बिहारमधल्या त्या बाईला तीन लहान मुले होती. १९८६ च्या कायद्यात मुलांसाठी जन्मापासून दोन वर्षांचाच खर्च आहे, असे म्हणून उच्च न्यायालयाने त्यांचा हक्क तोडला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ती दोन वर्षे आईच्या तरतुदीची आहेत. मुलांचा हक्क स्वतंत्र आहे, सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतः कमावू लागेपर्यंत, आणि मुलीचा तिच्या लग्नापर्यंत. खालच्या न्यायालयाने प्रत्येक मुलाला महिना १५० रुपये ठरवले होते. एवढ्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले.

फौजदारी प्रक्रिया संहितेचे ते कलम १२५ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे, हक्क तोच आहे. आईने कागदावर काही लिहून दिले म्हणून न्यायालय मुलाचा दावा फेकून देत नाही. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या राजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथेवर उघड करायला लावले. मुलाच्या खर्चात अन्न, कपडे, राहणे, दवा, शिक्षण आणि क्लासही धरायला सांगितला, आणि आई पुरेसे कमावत असेल तर शिक्षणाचा खर्च दोघांनी ऐपतीप्रमाणे वाटून घ्यावा, असेही सांगितले. ते जोडपे मुसलमान नव्हते, पण पोटाचा हिशेब वेगळा होतो काय?

रिक्षा चालवणारा, दुसरे घर केलेला बाप म्हणतो, देऊ कुठून? ऐपतीप्रमाणे द्यावे, हे कुराणच सांगते. तंगी असलेल्याने तंगीतून द्यावे. कमी देणे आणि न देणे यात फरक आहे, आणि आमची तक्रार न देणाऱ्यांबद्दल आहे.

तेव्हा बैठकीला बसणाऱ्यांना आमचे सांगणे असे. मुलांचा कागद वेगळा करा आणि खुल्याच्या आधी करा. महिन्याची रक्कम, कोणत्या तारखेला, बँकेत कोणाच्या खात्यात, दरवर्षी किती वाढ, नववीत आणि कॉलेजात गेल्यावर काय, इस्पितळाचे बिल आले तर कोणी किती भरायचे, आई कामावर असताना सांभाळणाऱ्याला काय द्यायचे, हे सगळे त्यात लिहा. हातउसने दिले, खेळणी आणली, असले हिशेब त्यात धरू नका. ऐकले नाही तर वांद्र्याचे कौटुंबिक न्यायालय आहे, आणि १९८७ च्या कायद्याने बाईला व मुलाला वकील मोफत मिळतो. पण मरोळहून वांद्र्याला जायचे म्हणजे त्या बाईची दिवसाची मजुरी बुडते, आणि तारीख एकच नसते. म्हणून काझीसाहेबांनी एवढे तरी करावे. ती ओळ असलेला खुलानामा समोर आला, की आधी ती खोडायला लावावी, मग शिक्का मारावा.