जुन्या पेटीत नवे कार्ड

आमच्या चिरंजिवांचा संगणक २०१६ सालचा. खेळांतील चित्रे अडखळू लागली, तसा त्यांनी नव्या ग्राफिक्स कार्डाचा ध्यास घेतला. दुकानदाराने १७० वॅटचे आरटीएक्स ३०६० पुढे केले. छताच्या डागडुजीसाठी राखलेले पैसे आम्ही मोजणारच होतो. (मराठीतली एम. ए. इथे काय कामाची?) पण चिरंजीव म्हणाले, "थांबा बाबा." घरी येऊन त्यांनी पेटीची बाजू उघडली. पॉवर सप्लायवर लिहिलेले, अवघे ३०० वॅट. शिवाय कार्डास निराळी वीज देणारी वायरच नाही! मदरबोर्डाच्या खाचेतून मिळणार ती फार तर ७५ वॅट. मग २०२४ साली आलेले, ७० वॅटवर भागणारे, ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० घेतले.

वीज तोडून, पेटीच्या धातूला हात लावून कार्ड बसविले. पडदा काळाच! आमच्या पोटात गोळा आला. पाहतो तो, पडद्याची केबल घाईत आम्हीच मदरबोर्डाला जोडलेली. ती कार्डाला लावताच चित्र उमटले.

प्रोसेसर मात्र जुनाच असल्याने काही खेळ अजूनही रेंगाळतात, हेही वाचकांना सांगितले पाहिजे.